टोकियोची जळीत हद्द ठाण्याच्या नकाशावर कशी आखावी

९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी बी-२९ विमानांनी आगलावे बॉम्ब टाकून टोकियोचा सुमारे ४१ चौ. किमी भाग जाळला. एवढं क्षेत्र म्हणजे साधारण ३.६ किमी त्रिज्येचं वर्तुळ.

ठाणे स्टेशन मधोमध धरून १:२५,००० नकाशा ए-३ वर छापा. ‘फिट टू पेज’ बंद हवं, नाहीतर प्रमाण बिघडतं. छापल्यावर १ किमीची रेघ ४ सेंमी भरते का, मोजा. त्रिज्या १४.४ सेंमी. शाळेचा कंपास एवढा उघडत नाही आणि दोरा ताणतो, म्हणून पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन भोकं पाडा.

खरी मेख खाडीची. पाणी जळत नाही! ट्रेसिंग पेपरवर १ सेंमीची जाळी आखून पाण्याचे चौकोन मोजा (१६ चौकोन म्हणजे १ चौ. किमी) आणि तेवढेच जमिनीकडे वाढवा. वर्तुळ मोडलं तरी चालेल. तिथली आगही गोल नव्हती, जोराच्या वाऱ्याने दाट लाकडी वस्तीतून पसरली होती.

टोकियोची युद्धानंतरची पुनर्बांधणी हिरव्या पेन्सिलीने दाखवा, पण हात आखडून: रुंद रस्त्यांचा, हरितपट्ट्यांचा तिथला मूळ आराखडा १९४९ च्या सरकारी काटकसरीनंतर बराच छाटला गेला.