आपल्या माणसाच्या मापाचा फोन-स्टँड

आपल्या माणसासाठी फोनचा स्टँड करायला घेतला की लक्ष आधी जाते ते नावाकडे, रंगाकडे आणि नक्षीकडे. मीही पहिल्यांदा तेच केले. आईसाठी केलेल्या त्या स्टँडवर दोन संध्याकाळी खपून मी तिचे नाव कोरले होते. मात्र फोन आडवा ठेवला की त्याच्या कडेवरचे आवाजाचे बटण स्टँडच्या पुढच्या पट्टीवर दाबले जाई आणि चालू असलेले गाणे हळूहळू मुके होई. आठवडाभर ती फोनलाच दोष देत राहिली, कारण मुलाने हाताने केलेल्या वस्तूत खोट असेल असे तिच्या मनातच आले नाही. तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे: आधी माणसाची मापे, मग फोनची, मग पुठ्ठा, मग लाकूड, आणि नाव सर्वांत शेवटी.

स्टँडमुळे हात मोकळे होतात खरे, पण ते कशासाठी मोकळे हवे आहेत हे ठरल्याशिवाय आराखडा काढता येत नाही. विणकाम करणाऱ्या व्यक्तीला मांडीवरून मान फारशी न उचलता नमुना दिसायला हवा असतो. ओट्याशी उभे राहून कृती वाचणाऱ्याचे हात ओले किंवा पिठाचे असतात. तान्ह्या बाळाला दूध पाजणाऱ्या आईचा एक हात पूर्णपणे अडकलेला असतो आणि दुसराही भरवशाचा नसतो. म्हणून दोन-तीन दिवस फक्त पाहावे. ती व्यक्ती फोन सध्या कशाला टेकवून ठेवते, तो कोणत्या बाजूला घसरतो, चार्जिंगची वायर डावीकडून येते की उजवीकडून, आणि त्या वेळी डोळ्यांवर कोणता चष्मा असतो, एवढे टिपले की निम्मा आराखडा तयार झालेला असतो. भेट गुप्त ठेवायची असेल तर हे निरीक्षण गुपचूप करावे लागते. तरी विचारून केलेला स्टँड अधिक चांगला होतो, असे माझे मत आहे.

यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे कोन. नजर पडद्यावर काटकोनात पडली की अक्षरे स्पष्ट दिसतात आणि खाली वाकून पाहावे लागत नाही. टेबलाशी बसलेल्या व्यक्तीचे डोळे टेबलापासून ४५ सें.मी. उंच, फोनपासून सुमारे ४० सें.मी. मागे, आणि फोनचा मध्य टेबलापासून १२ सें.मी. वर आहे असे धरले, तर पडदा टेबलाशी साधारण ५० अंशांचा कोन करून असावा लागतो. ओट्याशी उभे राहणाऱ्याच्या बाबतीत नजर आणखी वरून येते, म्हणून तिथे ४५ अंशांच्या आसपासचा कोन सोयीचा पडतो. विकतचे पुष्कळ स्टँड याहून उभे असतात, आणि मग माणूस नकळत खाली वाकून पाहू लागतो.

आकडेमोड नको असेल तर एक सोपी युक्ती आहे. फोनचा पडदा बंद करून तो पुस्तकांना टेकवावा आणि त्या व्यक्तीला नेहमीच्या जागी बसवावे किंवा उभे करावे. काळा पडदा आरशासारखा वागतो. ज्या कोनात तिला स्वतःचे डोळे पडद्याच्या बरोबर मध्यभागी दिसतात, तोच तिचा कोन. त्याच वेळी पडद्यात दिवा किंवा खिडकी दिसत असेल तर ती चमक पुढे रोज त्रास देणार आहे हेही कळते, आणि जागा बदलण्याचा निर्णय लाकूड कापण्याआधी घेता येतो. कोन सापडला की फोनची पाठ आणि टेबल यांच्यामधल्या फटीत बसेल असा पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून ठेवावा, म्हणजे कोनमापकाचीही गरज उरत नाही.

जवळचे आणि लांबचे असे दोन्ही नंबर एकाच काचेत असलेला चष्मा वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मात्र एक पेच आहे. जवळचे वाचताना ते काचेच्या खालच्या भागातून पाहतात, त्यामुळे फोन उंचावर बसवला की त्यांना हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागते. याउलट व्हिडिओ कॉलसाठी फोन खाली असला की समोरच्याला छत आणि नाकपुड्या दिसतात. दोन्ही गोष्टी एका उंचीत साधत नाहीत. जे काम दिवसातून अधिक वेळा होते त्याला प्राधान्य द्यावे आणि कॉलच्या वेळी स्टँडखाली ठेवायला १२ ते १५ सें.मी. उंचीचा एक वेगळा ठोकळा करून द्यावा.

आता फोनची मापे. बहुतेक फोन १५० ते १६५ मि.मी. लांब आणि ७० ते ७८ मि.मी. रुंद असतात, पण आपल्याला सरासरीशी काही देणेघेणे नाही. कव्हरसकट प्रत्यक्ष फोन मोजावा. कव्हरमुळे जाडी ८ मि.मी.वरून १२ मि.मी.पर्यंत सहज जाते, आणि पाकिटासारखे उघडणारे कव्हर असेल तर त्याचा मागे दुमडलेला भागही जाडीत धरावा लागतो. बटणे कोणत्या कडेवर आणि वरच्या टोकापासून किती अंतरावर आहेत, चार्जिंगचे छिद्र आणि स्पीकर कुठे आहेत, हे सर्व कागदावर फोनची बाह्यरेषा काढून तिच्यावरच नोंदवावे. सरळ पिनेच्या वायरला फोनखाली ३५ ते ४० मि.मी. मोकळी जागा लागते. काटकोनात वळलेल्या पिनेला २० मि.मी. पुरते.

रचना साधीच असू द्यावी. एक आडवी बैठक, तिच्यावर ठरलेल्या कोनात मागे कललेली पाठ, पाठीमागे आधाराला दोन त्रिकोणी तुकडे, आणि फोन टेकण्यासाठी पाठीत बसवलेल्या दोन गोल लाकडी खुंट्या. सलग पट्टीपेक्षा मला खुंट्या पसंत आहेत, त्याची कारणे तीन. दोन खुंट्यांमधून वायर खाली जाते. स्पीकर झाकला जात नाही. आणि बटणांची जागा टाळून खुंट्या बसवता येतात. शिवाय सलग उंच पट्टी पडद्याचा खालचा काठ झाकते, आणि बोट खालून वर सरकवून चालणाऱ्या फोनमध्ये नेमकी तीच जागा मोकळी लागते. पाठ मागे कललेली असल्यामुळे तिला काटकोनात बसवलेल्या खुंट्यांची टोके आपोआप किंचित वर राहतात, म्हणून फोन पुढे घसरत नाही. खुंट्यांची लांबी पाठीबाहेर फोनच्या जाडीपेक्षा ५ मि.मी. जास्त ठेवावी. वापरणाऱ्याच्या हाताला कंप असेल किंवा बोटे सांधेदुखीने आखडलेली असतील, तर ती १५ मि.मी. जास्त ठेवून पाठीच्या दोन्ही बाजूंना बाहेर पसरणाऱ्या छोट्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे फोन अंदाजाने टाकला तरी जागेवर जातो.

स्टँड उलटू नये यासाठी बैठकीची लांबी कोनावरून ठरते. १६० मि.मी. लांबीचा फोन ५० अंशांत ठेवला की त्याचे वरचे टोक खालच्या टोकापासून सुमारे १०३ मि.मी. मागे येते, ६० अंशांत हेच अंतर ८० मि.मी. होते. बैठक मागे निदान तेवढी असावी आणि पुढेही २० मि.मी. निघालेली असावी. पडद्याच्या वरच्या भागाला बोटाने स्पर्श केला की स्टँड मागे ढकलला जातो, त्यामुळे बैठकीखाली एखादी लोखंडी पट्टी बसवून वजन वाढवले तर फार फरक पडतो. तळाला रबराचे चार तुकडे हवेतच.

हे सगळे आधी जाड पुठ्ठ्यात आणि चिकटपट्टीत करून पाहावे. कुरूप दिसणारा तो पुठ्ठ्याचा नमुना दोन दिवस खरोखर वापरायला द्यावा. खुंटीऐवजी जाड पेन्सिलींचे तुकडे चालतात. कोन, उंची आणि वायरची बाजू यांतल्या चुका इथे कात्रीने दुरुस्त होतात, पुढे त्यांना करवत लागते.

लाकूड म्हणून पाठीला १२ मि.मी. आणि बैठकीला १८ मि.मी. प्लायवुड पुरेसे आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, कापायला सोपे आणि गुळगुळीत असले तरी पाणी लागले की फुगते, त्यामुळे ओट्यासाठी ते नकोच. थ्रीडी प्रिंटरवर काढायचा विचार असेल तर पीएलए हे प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते हे लक्षात ठेवावे. शेगडीजवळ किंवा उन्हातल्या गाडीत ते वाकते. पाठीत खुंट्यांसाठी भोके चिकटवण्याआधी पाडावीत, कारण कललेल्या पाठीत सरळ भोक पाडणे जिकिरीचे असते. सांधे लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवून शिकंज्यात आवळावेत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्यावर भार देऊ नये. मग १२० आणि त्यानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सर्व कडा गोलसर कराव्यात. वॉर्निशचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले बसतात. खुंट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवले की फोनला ओरखडे पडत नाहीत.

चुंबकाने चिकटणारा स्टँड दिसायला देखणा असतो, पण ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांच्यासाठी तो करू नये. चुंबक असलेले आपले फोन आणि साधने अशा उपकरणांपासून १५ सें.मी.पेक्षा जास्त, आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सें.मी.पेक्षा जास्त दूर ठेवावीत, असे ॲपल कंपनी सांगते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी लवचीक दांड्याचा स्टँड लागतो. त्यात फोन चेहऱ्याच्या बरोबर वर येऊ न देता बाजूने तिरका आणावा, म्हणजे पकड सैल झाली तर सुमारे २०० ग्रॅमचा फोन तोंडावर न पडता उशीवर पडेल. मोटारीतला स्टँड घरी करण्याच्या भानगडीत पडू नये, तो चाचणी झालेलाच घ्यावा. आणि मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्याची कामगिरी खालावू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे.

आता नाव. पाठीवर मध्यभागी कोरलेले नाव फोन ठेवला की झाकले जाते, ही गोष्ट कोरून झाल्यावरच लक्षात येते. म्हणून रोज दिसावे असे जे आहे ते बैठकीच्या पुढच्या २० मि.मी.च्या पट्टीवर घ्यावे, आणि पाठीवर असा मजकूर ठेवावा की जो फोन उचलला तरच दिसेल. तिथे छापील अक्षरांपेक्षा घरातल्या कुणाचे तरी हस्ताक्षर घ्यावे: जुन्या पत्रातली सही किंवा नातवाने काढलेले वेडेवाकडे अक्षर कार्बन कागदाने लाकडावर उतरवून तापलेल्या कलमाने जाळून काढता येते. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी खुंट्यांवरचे रबर पाठीच्या रंगाशी विरोधी, म्हणजे फिकट लाकडावर गडद निळे किंवा लाल, निवडावे. सजावट आणि सोय तिथे एकाच वस्तूने साधते.

स्टँड सोपवताना फोनही थोडा तयार करून द्यावा लागतो, कारण प्रत्येक कॉल घ्यायला बोट लावावेच लागले तर हात मोकळे झाले असे म्हणता येणार नाही. आवाजाने चालणारा सहायक सुरू करून त्या व्यक्तीच्या बोलण्याच्या ढबीत दोन-चार आज्ञा तिच्याकडून म्हणवून घ्याव्यात. कृती वाचताना पडदा विझू नये यासाठी तो मालवण्याची वेळ वाढवावी. आयफोनमध्ये ठरावीक सेकंदांनंतर कॉल आपोआप उचलण्याची सोयही आहे, पण ती त्या व्यक्तीला विचारूनच चालू करावी. कॉल न उचलण्याचाही तिला अधिकार आहे.

मापांचा कागद आणि पुठ्ठ्याचा तो त्रिकोण टाकून देऊ नये. पुढचा फोन जाड निघाला तर खुंट्या बाहेर काढून लांब बसवता याव्यात म्हणून त्या गोंदाने न चिकटवता नुसत्या घट्ट ठोकाव्यात, आणि फोन पातळ निघाला तर पाठीवर लावायला नमद्याची एक जादा पट्टी बैठकीखाली चिकटवून ठेवावी.