पोरगी ज्युनिअर हॉकी विश्वचषकाला निघाली: बॅगेत काय भरायचं, काय घरीच ठेवायचं

भारतीय संघात निवड झाल्याची बातमी गावात पोचली की घरी पेढे येतात, सत्काराची शाल येते आणि कुणीतरी हौसेने नवी कोरी स्टिकही घेऊन येतं. पेढे वाटून टाका, शाल कपाटात ठेवा. स्टिकचं मात्र बघावं लागेल. परदेशातल्या स्पर्धेच्या तयारीत माझा एक हट्ट असतो: अंगाला लागणारी किंवा पोटात जाणारी कुठलीही गोष्ट पोरीने तिथे पहिल्यांदा वापरायची नाही. जे न्यायचं ते निदान महिनाभर आधी सरावात उतरलेलं हवं.

उदाहरणाला सँटियागो घेऊ. २०२३ आणि २०२५ चा ज्युनिअर महिला विश्वचषक चिलीच्या या राजधानीतच झाला, आणि २०२५ मध्ये पहिल्यांदाच २४ संघ उतरले. आपल्याकडून जायचं म्हणजे जवळजवळ अर्धी पृथ्वी ओलांडायची, मध्ये विमानं बदलायची. एखादी बॅग मागे राहण्याची शक्यता तिथेच तयार होते.

सुरुवात कागदांपासून, आणि तीसुद्धा निवडीची वाट न बघता. आपल्याकडे जन्मदाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग, हे घरोघरी आहे. ऋतुजा दादासो पिसाळ, वैष्णवी विठ्ठल फाळके, अक्षता आबासो ढेकळे ही सातारा जिल्ह्यातल्या मुलींची नावं भारतीय संघाच्या यादीत वडिलांच्या नावासकट छापून आलेली आहेत. तुमच्या पोरीचं नावही पासपोर्टवर असेल तसंच सगळीकडे जाणार, तेव्हा दुरुस्ती शिबिराच्या आधी उरका. स्पर्धा २१ वर्षांखालची असते, म्हणून जन्मतारखेत एका दिवसाचाही घोळ परवडत नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली असावी. मूळ पासपोर्ट व्हिसासाठी हातातून जातो, म्हणून त्याच्या झेरॉक्स घरी ठेवा आणि एक फोटो पोरीच्या मोबाइलमध्ये असू द्या. अठराच्या आतली असेल तर आईवडिलांचं संमतीपत्र लागेल का, ते संघाच्या मॅनेजरला आधीच विचारून घ्या.

आता स्टिक. दोन तरी हव्यात, तीन असल्या तर उत्तम, आणि सगळ्या एकाच वजनाच्या, एकाच वळणाच्या. एक मोडली म्हणून दुसरी हातात घेतल्यावर ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत गोलकडे झटक्यात फेकायचा अंदाज चुकता कामा नये. नियमाने स्टिक १०५ सेंटिमीटरपेक्षा लांब, ७३७ ग्रॅमपेक्षा जड नको, आणि तिचा बाक २५ मिलिमीटरच्या वर नको. मोठ्या स्पर्धेत हे सामन्याआधी तपासतात. नवी स्टिक नको म्हटलं तशी काठाच्या खपल्या निघालेलीही नको, कारण खरखरीत, चिरा गेलेली स्टिक पंच बाजूला काढू शकतात. ग्रिप मात्र निघण्याआधी आठवडाभर नवी गुंडाळा, तेवढ्यात ती हाताला बसते.

स्टिक विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, ती सामानातच जाते. म्हणूनच टर्फचे, म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या मैदानाचे बूट, शिनगार्ड आणि माउथगार्ड पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायचे. सामान दोन दिवस उशिरा आलं तर स्टिक मैत्रिणीची मागता येईल, बूट नाही आणि माउथगार्ड तर मुळीच नाही. माउथगार्ड दोन घ्या आणि शक्य असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून मापाने करून घ्या. गरम पाण्यात घालून बसवायचे चालतात, पण ते सैल पडले की पोरी बोलताना काढतात आणि परत घालायला विसरतात.

बूट दोन जोड, दोन्ही वापरातले. मुरमाच्या मैदानावर शिकलेल्या मुलींना पाण्याच्या टर्फची सवय उशिरा होते. सामन्याआधी मैदान भिजवतात, मध्यंतरातही भिजवतात, आणि पहिल्या पाच मिनिटांत मोजे ओले होतात. मोजे मोजून घेऊ नका, भरपूर घ्या. संध्याकाळी बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. हेअर ड्रायरने बूट वाळवायचा प्रकार बंद, त्याने तळ सुटतो.

पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळालेला फटका अडवायला, धावून जाणाऱ्या पोरीने मास्क, गुडघ्याचे गार्ड आणि हातमोजा स्वतःचाच न्यावा. संघाचा सामाईक मास्क असतो, पण पट्टी दुसरीच्या डोक्याला बसवलेली असते आणि कॉर्नरच्या तयारीला ४० सेकंदच मिळतात. गोलकीपरची बॅग हा वेगळाच संसार आहे. तिच्या सामानाचं जादा वजन कोण भरणार हे लेखी ठरवून घ्या, विमानतळावर वाद नको.

नाकातली चमकी, कानातलं, आजीने बांधलेला गंडा: मैदानावर दुसऱ्याला इजा होईल असं काहीही अंगावर चालत नाही. आजीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरीला ऐन सामन्याच्या दिवशी अपराधी वाटत राहतं.

सगळ्यात जास्त वेळ मी औषधांवर घालवते, आणि नेमका हाच भाग घरोघरी सगळ्यात हलका घेतला जातो. सर्दीच्या अनेक गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. स्पर्धेच्या काळात लघवीत ते ठरलेल्या मर्यादेवर सापडलं तर उत्तेजकाचा ठपका बसतो, मग गोळी आईने दिली होती की डॉक्टरांनी, याला अर्थ नसतो. दुखऱ्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन गावाकडे सर्रास दिलं जातं. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात इंजेक्शनने घेतलेलं कुठलंही ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे हेच सूज-दुखणं कमी करणारं स्टेरॉइड, बंदीत आहे, आणि आधी घेतलेल्याचा अंशही काही दिवस शरीरात राहतो. वैद्याची पुडी, जिममधल्या मुलाने दिलेली पावडर, ‘ताकद येते’ म्हणून आलेला काढा, यांतलं काहीही नको. डब्यावर हर्बल लिहिलंय म्हणून आत काय आहे ते कळत नाही. नाडाचं, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेचं ‘नो युवर मेडिसिन’ ॲप आहे, त्यात औषधाचं नाव तपासा आणि तरीही संघाच्या डॉक्टरांना विचारा. दम्याचा पंप असेल तर त्याचे कागद आधी करून ठेवा.

पाळी पुढे ढकलायची गोळी पूजेसाठी घेतात तशी सामन्यासाठी देऊ नका. बंदी नसली तरी पहिल्यांदाच घेतल्यावर काय त्रास होईल ते सांगता येत नाही. तारीख फिजिओला सांगायची, त्यात लाज कसली. पॅड नेहमीच्या कंपनीचेच आणि लागतील त्याच्या दुप्पट.

खाण्यावरून सगळ्यात मोठी रड होते. चिलीत शेती आणि पशुधनाचं रक्षण करणारा विभाग विमानतळावरच बॅगा तपासतो, आणि तो फार कडक आहे. फळं, बिया, मध, घरचे दुधाचे पदार्थ अडकतात. सोबत खाण्याचं काहीही असेल तर उतरताना भरायच्या घोषणापत्रात ते लिहावं लागतं. न लिहिता सापडलं तर दंड होतो. म्हणजे तिळाचे लाडू, तुपातले मेथीचे लाडू, सुकी फळं, घरचं लोणचं यांना घरीच रामराम. कारखान्यातून पाकीटबंद आलेलं आणि ज्यावर घटक छापलेत असं थोडंसं न्यावं, तेही घोषणापत्रात लिहून. त्यापेक्षा जायच्या महिनाभर आधीपासून पोरीला पास्ता, उकडलेले बटाटे, साधी अंडी खायची सवय लावा. मसाल्याशिवाय घास उतरत नाही म्हणणाऱ्या पोरी तिथे तिसऱ्या सामन्यापर्यंत दमतात.

कपड्यांत गडबड नको. डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो, दुपार कडक आणि रात्र गार, हवा कोरडी. सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, एक जाकीट. दोन बारीक पिनांचा चार्जर चालतो, आपला तीन जाड पिनांचा तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही.

राहिलं घरच्यांचं. डिसेंबरात सँटियागोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असतं. तिथली संध्याकाळी सहाची मॅच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच. तुम्ही गजर लावून बघा, हरकत नाही, पण सकाळी उठल्या उठल्या फोन करू नका, ती तेव्हा झोपेत असणार. फोनची वेळ आधी ठरवा, मामा-काकांना तीच सांगा, आणि पत्रकारांना नंबर देताना तुमचाच द्या.