जपानी ठशातला विरत जाणारा समुद्र कसा छापावा

लाकडी ठशांनी छापलेली चित्रं करणारा जपानी चित्रकार हिरोशिगे, त्याच्या तोकाइदो या जुन्या हमरस्त्याच्या चित्रांत आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा पट्टा असतो आणि तो खाली येता येता कागदात विरतो. याला बोकाशी म्हणतात. ती ठशाच्या लाकडी फळीवर कोरता येत नाही, दर छापाला हातानंच लावावी लागते.

फळी कोरून झाली, कागद नेमका बसवायच्या केंतोच्या दोन खाचा पडल्या, रेषांचा काळा ठसा उमटला, इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरतो. कागद आदल्या रात्री दमट करून गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात त्याच दिवशी संपतील एवढेच भिजवा. उरलेल्या गठ्ठ्याला बुरशी धरते.

आता बोकाशी. गडद आणि फिका असे दोन रंग कालवून मध्ये मिसळा, हा सल्ला मी वर्षभर पाळला आणि वर्षभर पट्टेच छापले. रंग एकच घ्या, त्याला पाण्यानं विरू द्या. मी प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग घेतो. जपानात 1830च्या सुमारास तो भरपूर मिळू लागला आणि समुद्राची चित्रं पालटली.

फळी ओल्या फडक्यानं पुसा. लाकूड काळपट दिसलं पाहिजे, पण पाणी चमकता कामा नये. चमकलं तर डाग पडणारच, कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. गडद कडेला रंग आणि तांदळाच्या खळीचा एक थेंब ठेवा. रुंद ब्रश ओला करून झटका आणि त्याचा एकच कोपरा रंगात बुडवा. तो कोपरा कायम गडद कडेलाच. ब्रश कडेला समांतर डावी-उजवीकडे फिरवा. मध्येच उलटा धरलात तर सगळं पुसून पहिल्यापासून करा, डागडुजी करत बसू नका. माझे कित्येक कागद त्या डागडुजीतच गेले.

खळ कमी पडली तर तिळासारखे ठिपके येतात. जपानी कारागीर हे मुद्दाम करतात, त्याला गोमाझुरी म्हणतात, गोमा म्हणजे तीळ. तुम्ही आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

पहिले पाच-सहा छाप रद्दी कागदावर काढा, तोवर फळी रंग पीत असते. बारेन, म्हणजे कागद मागून घासायची चपटी गोल गादी, सगळीकडे सारख्या जोरानं फिरवा. एका छापात गडदपणा येत नाही; तीच बोकाशी पुन्हा छापा, दुसऱ्या वेळी पट्टा अरुंद ठेवून.

वाळवताना टीपकागदांत घालून वर वजन ठेवा. दोरीवर टांगलेला कागद वाकडा होतो.