नदीकाठच्या लॉजवर उन्हाळी हंगाम कसा करावा

मांडवीच्या पात्रातल्या एका बेटावर, खारफुटीला लागून असलेल्या आठ खोल्यांच्या लॉजवर मी लागोपाठ दोन उन्हाळे काम केले. तिथे येणारे पाहुणे दोन प्रकारचे असत: काहींना गळाने चोणक हा मासा धरायचा असे आणि काहींना होडीत बसून मगरी व पक्षी पाहायचे असत. अशा ठिकाणी मार्च ते मे या महिन्यांत नोकरी करण्याचा विचार असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. सगळ्या गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर, त्यात दुर्गम ते काय असणार, असे पणजीतले लोक हसून विचारतात. शेवटची फेरीबोट सुटून गेल्यावर रात्री एखाद्या पाहुण्याच्या पोटात कळ आली, की त्याचे उत्तर आपोआप मिळते.

होकार देण्यापूर्वी पगार, सुट्टी, राहण्याची जागा आणि बक्षिसीची वाटणी या चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. मी पहिल्या वर्षी हे सगळे बोलण्यावर ठरवले आणि मे महिन्याचा माझा पगार चतुर्थी उलटून गेल्यावर हाती आला. होडीची बंदर कप्तान खात्याकडे नोंदणी आहे का आणि प्रत्येक पाहुण्याला पुरतील इतकी जीवरक्षक जॅकेटे आहेत का, हेही आधीच विचारावे. या प्रश्नावर मालक चिडला, तर ती नोकरी न घेतलेलीच बरी. सामानात पूर्ण बाह्यांचे फिकट सदरे, चिखलात पायातून न निसटणारी चपला, विजेरी आणि तिथी दाखवणारी दिनदर्शिका असावी.

दिनदर्शिका अशासाठी की तिथले काम घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालते. मांडवीत भरतीचा प्रभाव समुद्रापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजे या गावापर्यंत जाणवतो. त्यामुळे बेटाभोवतीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि कालच्यापेक्षा आज ते सुमारे 50 मिनिटे उशिरा चढते. कोकणपट्टीतल्या खारव्यांचा जुना हिशेब असा आहे की तिथीला तीनाने गुणून चाराने भागले, की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा अंदाज आहे. मुरगाव बंदराचे छापील कोष्टक जवळ ठेवून तो पडताळावा, आणि आपण नदीत जितके आत असू तितकी भरती-ओहोटी उशिरा पोहोचते हे विसरू नये. पहिल्या आठवड्यात धक्क्याच्या खांबावर खडूने खुणा करून आपल्या जागेचा फरक स्वतः मोजून काढावा. होडी हाकणारे म्हातारे काका हा फरक न मोजताही जाणतात, पण ते रजेवर गेले की आपली पंचाईत होते.

माझी झाली. मुरगावच्या वेळेप्रमाणे पाणी फिरले असे समजून मी सहा पाहुण्यांना एका अरुंद उपखाडीत नेले. आत पाणी अजून उतरतच होते. वल्ह्याला चिखल लागू लागला तेव्हा मी होडी वळवायला घेतली, आणि ती वळता वळताच बसली. दहा वाजताचे ऊन, सावलीला एकच छत्री, दोन्ही बाजूंना पायाला आधार न देणारा चिखल, आणि एक आजी दर पाच मिनिटांनी शांतपणे विचारत होत्या, “बाळा, आता पाणी वाढले का रे?” आम्ही तिथे अडीच तास होतो. तेव्हापासून माझा नियम असा: अरुंद खाडीत फक्त चढत्या पाण्यात शिरायचे, कारण चढत्या पाण्यात होडी रुतली तर तेच पाणी ती उचलते, उतरत्या पाण्यात रुतली तर वाट पाहण्याखेरीज इलाज नसतो.

आठवड्याचे वेळापत्रक याच हिशेबाने आखावे. मगरी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या काठांवर येऊन पडतात. हिवाळ्यात त्या दुपारीही दिसतात, पण एप्रिल-मेमध्ये ऊन तापले की पाण्यात उतरतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओहोटीचा तळ येतो असे दिवस शोधावे लागतात. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी तळ येतो, तेव्हा दोन्ही पक्षांतल्या द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळी मगरी पाहणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात, आणि पाणी फिरल्यानंतरचा पहिला तास साधावा. पाहुणा दोनच दिवसांसाठी येणार असेल, तर आरक्षण घेतानाच त्याला हे समजावून तारीख सुचवावी. एवढे केले तरी निम्म्या तक्रारी कमी होतात.

मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी गोड्या पाण्यातल्या जातीच्या असूनही खाऱ्या पाण्यात टिकल्या आहेत, ही गोष्ट पाहुण्यांना आवर्जून सांगावी. जबडा उघडा टाकून पडलेली मगर चिडलेली नसते, ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. हे सांगितले की होडीतली कुजबुज थांबते. इंजिन बरेच अलीकडे बंद करून वल्ह्याने जावे आणि मगरीने डोके वळवले की तिथेच थांबावे. जवळचे छायाचित्र हवे म्हणून कोंबडीचे तुकडे टाकण्याची मागणी करणारा पाहुणा दर हंगामात एखादा तरी भेटतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष दाखवणे हे शिकारीच्या व्याख्येतच येते, एवढे एकच वाक्य त्याला ऐकवावे. वाद घालू नये.

गळाची मासेमारी याहून वेगळे पाणी मागते. थांबलेल्या पाण्यात चोणक सहसा तोंड लावत नाही. पाणी वाहू लागले आणि उपखाडीच्या तोंडाशी लहान शेवट्या माशांची पळापळ सुरू झाली की गळ टाकावा. तांबोशी ही मासळी गळाला लागली तर पहिल्या दोन क्षणांत तिला खारफुटीच्या मुळांपासून ओढून घ्यावे लागते, नाहीतर दोर तुटलाच म्हणून समजावे. चोणक उलट पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झटकतो, तेव्हा दोर ढिला पडू देऊ नये. मासा होडीजवळ आला की आधी आपले हात पाण्यात बुडवून ओले करावेत, रबरी जाळीत त्याला पाण्यातच धरावे आणि पक्कडीने गळ आल्या वाटेनेच मागे काढावा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा सकाळीच पक्कडीने दाबून सपाट केलेला असेल, तर हे एका झटक्यात होते. कल्ल्याजवळ बोट कधीही नेऊ नये, कारण चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी कापते. माझ्या उजव्या तर्जनीवर तिची खूण आहे. मे महिन्यात पाणी इतके कोमट असते की मासा लवकर दमतो; त्याला प्रवाहाकडे तोंड करून हलकेच धरावे आणि तो स्वतः शेपटी मारून सुटेपर्यंत सोडू नये. मोठा चोणक परत का सोडायचा, असे विचारणाऱ्यांना सांगावे की हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे थोराड मासा ही बहुधा अंड्यांवर येणारी मादी असते. स्वयंपाकघरासाठी लागणारा मासा गावातल्या पाग्यांकडून, म्हणजे मासे धरणाऱ्यांकडून, विकत घ्यावा. त्याने शेजारही राखला जातो.

शेजाराचाच आणखी एक मुद्दा. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधात पाणी आत-बाहेर सोडणारी मानस असते आणि तिथे मासा भरपूर जमतो, म्हणून गळवाल्या पाहुण्यांचा डोळा तिच्यावर असतो. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने पैसे मोजून तो हक्क घेतला त्याच्या दारात आपण आपले पाहुणे बसवणे ही उघड आगळीक आहे. त्याचप्रमाणे चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात गळ घेऊन जायचे नाही, तिथे केवळ दुर्बीण न्यावी. उन्हाळ्यात पाहुणे पक्षी बहुतेक परत गेलेले असतात. उरतात ते खंड्यांचे प्रकार, बगळे, ब्राह्मणी घार, आणि तेवढ्यावर एक सकाळ छान जाते. बदकांचे थवे दाखवण्याचे आश्वासन मात्र एप्रिलमध्ये देऊ नये. किंबहुना कोणत्याच प्राण्याचे देऊ नये. “मगर दिसेलच” असे एकदा म्हटले की बाकीचा सारा फेरफटका मगरीची वसुली होऊन बसतो.

आठवड्यातून एकदा सत्तरीच्या रानात सहल न्यावी लागली, तर पाहुण्यांना लांब पायघोळ विजार आणि मोजे सक्तीचे करावेत. सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले. हा आजार गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर पाऊस पडण्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांतच, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात असतो. पाचोळ्यावर बसकण मारू देऊ नये, मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे, आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. मार्च 2023 मध्ये सत्तरीतल्याच म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते, त्यामुळे सिगारेटच्या बाबतीत कोणाचीही भीड धरू नये. साप चावल्यास दोरी बांधणे, जखम कापणे यांत वेळ न घालवता 108 ला फोन करावा आणि रुग्णाला हालचाल न करू देता रुग्णालय गाठावे. फोनला रेंज लॉजच्या कोणत्या कोपऱ्यात मिळते, हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवावे. आमच्याकडे ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळे.

खोल्या, चादरी आणि हिशेब यांत शिकण्यासारखे फारसे नाही, ते इतर कोणत्याही हॉटेलासारखेच असते. पहाटेच्या फेरीनंतर दहा वाजता स्वयंपाकघरात कर्मचाऱ्यांसाठी पेज आणि खारातली कैरी असते, ती चुकवू नये, कारण पुढचे जेवण पाहुण्यांचे आटोपल्यावर तीनला मिळते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून दुपारनंतरचा वारा वाढतो आणि वळवाचे ढग जमू लागतात. विजा दिसल्या की होडी सोडू नये. 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, आणि नदीकाठचे असे लॉजही त्याच सुमारास दारे लावतात. शेवटच्या चार दिवसांत इंजिने उतरवून गोड्या पाण्याने धुवावीत, होड्या उधाणाची रेघ जिथे पोहोचते त्याच्याही वर ओढून उपड्या घालाव्यात आणि धक्क्याच्या सुट्या फळ्या काढून पडवीत रचून ठेवाव्यात. त्या फळ्या मोजून आकडा नोंदवहीत लिहावा आणि मालकाची सही घ्यावी, कारण पुढच्या मार्चमध्ये गेल्या गेल्या पहिला प्रश्न त्यांचाच होतो. आमच्या वहीत 42 असा आकडा होता आणि पडवीत 39 निघाल्या. उरलेल्या तीन शेजारच्या गोठ्याच्या दाराला ठोकलेल्या सापडल्या.