चोवीस जणांसाठी तिरामिसू, आदल्या रात्रीच

ठाण्यातल्या सोसायटीच्या स्नेहभोजनासाठी तिरामिसू (कॉफीत बुडवलेली बिस्किटे आणि क्रीम यांच्या थरांचा थंड इटालियन गोड पदार्थ) करायचा असेल, तर तो आदल्या रात्रीच करावा, कारण रात्रभर फ्रीजमध्ये राहिल्यावरच बिस्किटांत कॉफी नीट मुरते आणि वड्या सुबक कापता येतात.

चोवीस जणांसाठी १ किलो मस्कारपोने (मऊ, सायीसारखे इटालियन) चीज, ८०० मिली थंड व्हिपिंग क्रीम, २०० ग्रॅम पिठीसाखर, सुमारे ८० सावोयार्दी (लांबट, हलकी स्पंजी) बिस्किटे आणि ८०० मिली कडक, बिनसाखरेची कॉफी लागते. इटलीतील पारंपरिक कृतीत अंड्याचे कच्चे बलक असतात. पंगतीत लहान मुले आणि वयस्कर मंडळी असल्याने मी ते वगळते. मात्र या बिस्किटांतही बहुधा अंडे असते, हे शाकाहारी पाहुण्यांना आधीच सांगावे.

खरी कसोटी बिस्किटे बुडवण्यात आहे: पूर्ण गार झालेल्या कॉफीत प्रत्येक बाजू जेमतेम एक सेकंद बुडवावी, अन्यथा ट्रेच्या तळाशी पाणी साचते. क्रीम आणि साखर घट्ट फेटून मस्कारपोनेत हलक्या हाताने मिसळावे. जोराने फेटल्यास मिश्रण फाटते. दोन मोठ्या ट्रेंमध्ये बिस्किटे व क्रीम यांचे दोन-दोन थर द्यावेत.

कोको पावडर वाढण्यापूर्वीच वरून चाळावी. घोडबंदर रोडवरून ट्रे न्यायचा असेल, तर आपल्याकडच्या दमट उकाड्यात तो बर्फाच्या पेटीतूनच न्यावा.