रडर पेडल आणि ब्रेक: ड्रिल हातात घेण्याआधी सीटवर बसा

स्वतः बांधलेल्या छोट्या विमानात पेडलं बसवायची वेळ आली की बहुतेक जण आराखडा उघडतात, माप घेतात आणि भोकं पाडायला लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी सीटवर बसा. उशी ठेवून, पट्टे आवळून, ज्या बुटांनी उडणार तेच बूट घालून. आराखड्यातलं माप कुणाच्या तरी सरासरी पायाचं असतं. माझा पाय लहान आहे, शेजारच्या सीटवर बसणारा माझा भाऊ माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि दोघांची डावी पेडलं एकाच आडव्या नळीवर, उजवी दुसऱ्या नळीवर. म्हणजे एकाला सोयीचं करायला गेलं की दुसऱ्याचे गुडघे पॅनलला लागणार. हे कागदावर दिसत नाही, बसल्यावर लगेच कळतं.

पेडलाला कामं दोन. आख्खं पेडल पुढे ढकललं की रडर, म्हणजे शेपटीवरचा उभा हलता पंखा, वळतो आणि नाक त्या बाजूला जातं. पेडलाचा वरचा भाग चवड्याने दाबला की त्याच बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. आरव्ही-७ए सारख्या, किटवरून घरी बांधायच्या विमानात पुढचं चाक मोकळं फिरणारं असतं, त्याला पेडलाची जोडणीच नसते. हळू टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, रडरवर पुरेशी हवा येत नाही, तेव्हा वळायचं ते फक्त एका बाजूच्या ब्रेकवर. तिथे ब्रेक म्हणजे तुमचं स्टिअरिंगच.

चवड्याचे ब्रेक हाच एक मार्ग आहे असंही नाही. पायपर कबमध्ये टाचेने दाबायचे ब्रेक असतात. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीमध्ये पेडल आधी रडर हलवतं आणि तेच आणखी पुढे दाबलं की ब्रेक लागतो. पुढचं किंवा शेपटीचं चाक पेडलाने वळत असेल, तर दोन्ही चाकांना मिळून हाताचा एकच दांडाही चालतो. वजन वाचतं आणि गुंतागुंत कमी होते. पुढचं सगळं चवड्याच्या ब्रेकबद्दल, कारण बसवताना चुकायला सर्वात जास्त वाव तिथेच आहे.

सगळा खेळ ब्रेकच्या पट्टीच्या, म्हणजे पेडलाच्या त्या वरच्या भागाच्या, कोनाचा आहे. डावा पाय पूर्ण लांब करून बघा. पाय ताणला की घोटा आपोआप उघडतो आणि बोटं पुढे झुकतात. म्हणजे तुम्ही पूर्ण डावा रडर देताय, ब्रेक मनातही नाही, आणि चवडा मात्र ब्रेकवर टेकलेला. आडव्या वाऱ्यात उतरताना नेमकं हेच होतं, आणि शेपटीचं चाक असलेलं विमान नाकावर जायला एवढं कारण पुरतं. म्हणून पट्टी पायलटपासून लांब, पुढच्या दिशेने इतकी कललेली हवी, की टाच जमिनीवर टेकलेली असताना पायाचा दाब पेडलाच्या खालच्या दांडीवरच पडेल आणि ब्रेक लावायला पाय मुद्दाम वर सरकवावा लागेल. पण अतिही नको: पेडल मागे आलेलं असताना, गुडघा वाकलेला असताना, पट्टी इतकी पुढे झुकली की घोटा तेवढा वळतच नाही, तर त्या बाजूचा ब्रेक गेलाच म्हणायचं. प्लायवूडचे तुकडे कापून, क्लॅम्पने धरून हे जमवा. तुम्ही बसा, दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. पेडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि प्रत्येक जागी ब्रेक दाबा. पूर्ण पुढे असताना पूर्ण ब्रेक दाबल्यावरही पट्टी फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, टेकता कामा नये.

मास्टर सिलिंडर म्हणजे पायाच्या जोराने ब्रेकचं तेल दाबणारा सिलिंडर. त्याचा दांडा ब्रेकच्या पट्टीशी काटकोनाच्या जवळ असला तर पायाचा जोर पुरा पोचतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाय काढल्यावर दांडा पूर्ण बाहेर आलाच पाहिजे. दांडा शेवटपर्यंत परतला की सिलिंडर आणि तेलाची टाकी यांच्यातली वाट उघडते आणि उरलेला दाब सुटतो. पट्टी कुठे अडकली, स्प्रिंग कमजोर पडली किंवा बूट नुसता टेकून राहिला, तर दाब आतच कोंडतो आणि ब्रेक घासत राहतो. घासून डिस्क तापते, सील जातात, तेल गळतं आणि तापलेल्या डिस्कवर पडून पेटू शकतं.

पेडलापासून रडरपर्यंत जाणाऱ्या केबलचं थोडक्यात. रडरचा शेवटचा थांबा रडरच्या बाजूला ठेवा, पेडलाच्या नव्हे. फेअरलीडमधून, म्हणजे केबलला वाट दाखवणाऱ्या कड्यातून, जाताना केबल ३ अंशांपेक्षा जास्त वळवू नका, ही एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेतली मर्यादा आहे. त्याहून जास्त वळण असेल तर पुली घाला. फिरणाऱ्या जोडात नायलॉनचा लॉक नट नको, खाचांचा नट आणि स्प्लिट पिनच. पेडलं केबलने फक्त ओढणारी असतील तर हलक्या स्प्रिंगने केबल ताणलेली ठेवा.

आता तेल. विमानाच्या ब्रेकमध्ये सहसा लाल खनिज तेल असतं, मिल-एच-५६०६, आणि त्याला नायट्राइल रबराचे सील चालतात. मोटारीचं डॉट तेल वेगळ्या जातीचं आहे, त्याला ईपीडीएम या वेगळ्या रबराचे सील लागतात. चुकीचं तेल घातलं की सील फुगतात आणि दांडा अडकतो. मिल-पीआरएफ-८३२८२ हे त्याच सीलना चालतं आणि पेट घ्यायला जास्त तापावं लागतं, म्हणून मी तेच भरते. जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुटलेला धागा सिलिंडरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. पेस्ट लावा, तीही पहिला आटा कोरा सोडून.

ब्रेकच्या तेलातली हवा काढायची ती खालून वर. बुडबुडा मुळात वरच जाणार, मग त्याला खाली ढकलण्यात कशाला वेळ घालवायचा? कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) तळच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या तोटीला, हातपंपाच्या तेलाच्या कॅनची पारदर्शक नळी जोडा. निपल उघडण्याआधी नळीतली हवा घालवा. पेडल पूर्ण मागे, कुणाचा पाय नको, नाहीतर वरची वाट बंद राहील. मग निपल पाव फेरा सैल करून सावकाश दाबा. शेजारच्या सीटलाही ब्रेक असेल तर तेल आधी पायलटच्या सिलिंडरमधून, मग सहप्रवाशाच्या सिलिंडरमधून टाकीकडे चढतं. मधे पाइप चढून परत उतरत असेल तर त्या उंचवट्यावर बुडबुडा हमखास थांबतो. तिथे बोटाने टिचक्या मारत राहा. वर येणाऱ्या तेलात बुडबुडे दिसायचे थांबले की निपल घट्ट करा. टाकी काठोकाठ भरू नका, गरम तेलाला जागा हवी, आणि झाकणाचं हवेचं छिद्र उघडं हवं.

पेडल दाबल्यावर दगडासारखं कडक लागलं पाहिजे. स्पंजासारखं दबत असेल किंवा दोनदा दाबल्यावर कडक होत असेल तर आत हवा आहे, पुन्हा काढा. मग चाक जॅकवर उचला. दाबा, सोडा, हाताने फिरवा. पॅड किंचित लागल्याचा आवाज चालेल, चाक अडता कामा नये. हे रडर पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे ठेवूनही करा, आणि दुसऱ्या सीटवरूनही.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत. उत्पादकाने दिलेल्या पद्धतीने ते तापवून बसवा आणि १०–१५ मिनिटं थंड होऊ द्या. मगच इंजिन वाढवून ब्रेकवर विमान जागेवर राहतं का ते बघा. पहिल्या टॅक्सीनंतर चाकांचे झाकण काढून कॅलिपरखाली लाल ओल दिसते का पाहा, आणि दोन्ही डिस्कजवळ हाताचा पंजा न टेकवता धरा. दोन्ही बाजूंना धग सारखी लागली नाही, तर जास्त गरम बाजूच्या मास्टर सिलिंडरचा दांडा पूर्ण परततोय का, तिथून शोधायला लागा.