मुरूम जात नाहीत? उपचारात होणाऱ्या या चुका टाळा

चेहऱ्यावर आज दिसणारा मुरूम आत तयार व्हायला लागून कित्येक आठवडे झालेले असतात. वयात येताना अँड्रोजन हार्मोन वाढतात, त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात आणि रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू वाढतात. एरवी ते आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतात, पण इथे त्यांच्यामुळे सूज येते, पू होतो. उपचार फसण्याची बहुतेक कारणं हा क्रम लक्षात न घेतल्यामुळे घडतात.

फक्त फोडावर औषध लावणं

ही सर्वांत जास्त होणारी चूक. शेजारची बुचं अजून दिसत नसतात, पण पुढच्या महिन्याचे मुरूम तीच असतात. म्हणून बुचं मोकळी करणारं अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल मुरूम येणाऱ्या पूर्ण भागावर लावायचं. संपूर्ण चेहऱ्याला मटाराच्या एका दाण्याएवढं पुरतं. जास्त लावल्याने लवकर गुण येत नाही, आग आणि सालपटं मात्र नक्की वाढतात.

पद्धत अशी: रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके देऊन जेल पसरा. डोळ्यांभोवती, ओठांच्या आणि नाकपुडीच्या कडेला लावू नका. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. त्वचा ओढली जात असेल तर आधी मॉइश्चरायझर लावून वर जेल लावलं तरी चालतं. सकाळी जिवाणू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आणि त्यावर सनस्क्रीन. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो, त्यामुळे टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात सोडून देणं

सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत काही जणांचे मुरूम वाढल्यासारखे दिसतात. आत दबलेली बुचं वर येत असतात. इथेच बरेच जण ट्यूब बदलतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी कळतो. सुजून डोळे लाल झाले, अंगावर गांध्या उठल्या तर मात्र औषध लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा.

मेडिकलमधून ‘चांगली ट्यूब’ मागणं

यात सर्वांत मोठं नुकसान होतं. अशा मलमांत बऱ्याचदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असतं. चार दिवसांत सूज उतरते, चेहरा उजळ दिसतो आणि मग घरातले सगळेच तीच ट्यूब वापरू लागतात. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, गालावर लव वाढते, उन्हात गेलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. ट्यूब थांबवली की मुरूम दुप्पट जोमाने उसळतात, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. घरातल्या प्रत्येक ट्यूबवरचे घटक आजच वाचा. यातलं काही बरेच दिवस लावत असाल तर ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयातही त्वचेच्या ओपीडीत दाखवता येईल.

क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्महिने लावणंही चुकीचंच. जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत देतात. पोटात घ्यायच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्सही सहसा तीन महिन्यांच्या पुढे नेत नाहीत. ती गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होऊ शकते.

लिंबू, टूथपेस्ट, खसखसून घासणं

ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. बुचातलं मेलॅनिन हवेशी संपर्क येऊन काळं दिसतं. त्यामुळे घासून ते निघत नाही, उलट त्वचा सोलवटते. दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर एकदा धुणं पुरे. फोडणं तर नकोच: पू आत ढकलला जातो आणि खड्डा कायमचा राहतो. केसांना भरपूर तेल लावून झोपलात तर कपाळावर बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी तासभर लावा.

तांबड्या रश्श्याला दोष देणं

तिखटाने मुरूम येतात याला आधार नाही. साखर, मैदा आणि दिवसभरातले गोड चहा मात्र काही जणांत मुरूम वाढवतात. दुधाचा संबंधही काही अभ्यासांत आढळला आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या, तालमीत मेहनत करणाऱ्या वाढत्या पोराचं दूध एकदम तोडू नका. जिममधली व्हे पावडर घेत असाल तर आधी ती सहा-आठ आठवडे थांबवून पाहा. अंग कमावण्यासाठी इंजेक्शनं घेतली असतील तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. पाठीवर, छातीवर एकाएकी उसळलेल्या मोठ्या गाठींमागे बऱ्याचदा तीच असतात.

प्रत्येक पुटकुळीला मुरूम समजणं

कपाळावर, छातीवर, पाठीवर सगळ्या सारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील आणि अँटिबायोटिकने वाढत असतील तर ते यीस्टमुळे असू शकतं. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मशीनवर काम करणाऱ्यांच्या मांड्या-हातांवर मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या तेलाने फोड येतात. तिथे तेलकट कपडे रोज बदलणं आणि काम सुटल्यावर लगेच साबणाने धुणं हा उपचाराचा मोठा भाग असतो.

पंचविशीनंतर जबड्याच्या कडेला, पाळीच्या आधी उठणारे खोल, दुखरे मुरूम निव्वळ क्रीमने हटत नाहीत. त्यात पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस असतील तर पीसीओएसची (बीजांडकोशाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. गरोदर असाल किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल तर अ‍ॅडापलीन, डॉक्सिसायक्लिन टाळा.

गाठी आणि खड्डे पडू लागले असतील तर घरी प्रयोग करत थांबू नका. अशा वेळी डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनची गोळी देतात. गुण चांगला येतो, पण गर्भात गंभीर व्यंग होऊ शकतं. म्हणून स्त्रियांनी सुरू करण्याआधी गरोदरपणाची चाचणी करायची, आणि औषध चालू असताना व बंद केल्यावर निदान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. यकृत आणि रक्तातल्या चरबीची तपासणी प्रत्येकाचीच होते. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ही गोळी कधीही घेऊ नका.